पाडाला आलेला उजेड

आमच्या गावच्या नगरपालिकेस मी आजवर जेवढे अर्ज लिहिले, त्यांपैकी पूर्णांशाने यशस्वी झालेला अर्ज एकच. आणि तो मी ज्या माणसासाठी लिहिला, त्यानेच त्या यशाबद्दल मला अखेरपर्यंत क्षमा केली नाही. त्यांचे नाव येथे देत नाही. मृताच्या बदनामीविषयी कायदा काय म्हणतो हे मला पाठ आहे, तेव्हा भीती हे त्याचे कारण नव्हे. ते नाव गावात कोणाच्या तोंडीच नव्हते, एवढेच. सारा गाव त्यांना सांजमास्तर म्हणे, आणि पोस्टमनही त्यांची पत्रे त्याच नावावर बिनचूक पोहोचवी.

ते फोटो काढीत. परंतु दिवसा काढीत नसत. परभणी जिल्ह्यात जेथे बाराही महिने ऊन फुकट मिळते, तेथे उन्हाशी उभे वैर धरून फोटोचा व्यवसाय करणारा हा बहुधा एकमेव इसम असावा. दुपारी बाहेर पडण्याची वेळ आलीच तर काळी छत्री अशी नाकापर्यंत ओढून चालत की समोरून येणाराला केवळ छत्री आणि धोतर दिसे. "ऊन डोक्याला लागत नाही हो, डोळ्याला लागतं," ते म्हणत. "दुपार पाहिलेल्या डोळ्यानं संध्याकाळ दिसत नाही."

पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवीत. एकदा वरून तपासनीस साहेब आले आणि भर दुपारी, शाळेच्या पायऱ्यांवर, सर्व शिक्षकांसह त्यांचा फोटो काढण्याचे ठरले. सांजमास्तरांनी साहेबांकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि अत्यंत अदबीने सांगितले, "साहेब, या उजेडात आपण चोर दिसाल. दिवस मावळेपर्यंत थांबा, सज्जन दिसाल." साहेब थांबले नाहीत. मास्तरांची नोकरीही फार काळ थांबली नाही. त्या बडतर्फीत नियमांची उघड पायमल्ली झाली होती आणि मी अपील लिहून देण्यास तयार होतो. ते म्हणाले, "राहू द्या मुन्शीजी. आता दुपारी निजायला मोकळा झालो."

मी त्या वेळी गावातील एका वकिलांकडे मुन्शी होतो. सनद माझ्याजवळ नव्हती; कायदा होता. मास्तर मला पाहिले की मुद्दाम कचेरीच्या भाषेत बोलत. "दुपारचा उजेड फौजदार असतो, मुन्शीजी. समोर येईल त्याचा तो आधी गुन्हा पाहतो. तिन्हीसांजेचा उजेड म्हणजे वकील. ठाऊक त्यालाही सगळं असतं, पण तो आधी माणूस पाहतो." वकिलांचा जवळून अनुभव असल्यामुळे मी या उपमेस हरकत घेतली होती. ती त्यांनी विचारात घेतली नाही.

त्यांचे काम चाले नदीकाठच्या बागेत. आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात. घाटाच्या वरच्या अंगाला, निजामाच्या अमदानीत कोणा तालुकदाराने हौसेने लावलेली ती बाग. चार लिंब, दोन गुलमोहर, लोखंडी कठडा, आणि नदीकडे तोंड करून एक दगडी बाक. वर आकाशातला उजेड सरला तरी खाली पाण्यात थोडा मुरलेला राहतो आणि तो माणसाच्या चेहऱ्यावर खालून येतो, असा मास्तरांचा सिद्धान्त होता. बाकावर माणूस बसवून ते समोर तीन पायांची घोडी उभी करीत, तिच्यावर लाकडी पेटीचा कॅमेरा चढवीत, काळ्या फडक्याखाली डोके घालून बराच वेळ आतच राहत. मग बाहेर येऊन डावा हात पुढे करीत आणि तळहाताकडे टक लावून उभे राहत.

हे तळहात पाहणे म्हणजे त्यांचे घड्याळ होते. उजेडाला ते आंब्याची भाषा लावीत. हाताची सावली जमिनीवर पडते आहे तोवर उजेड कच्चा. सावली पुसट होऊ लागली की पाडाला आला. सावली पुरती विरली, परंतु तळहातावरच्या रेषा अजून दिसत आहेत, की पिकला. रेषाही दिसेनाशा झाल्या की नासला. मग पेटी बंद, उद्या या. पिकल्या घटकेत ते भिंगावरचे पितळी झाकण, दुधावरचे उचलावे तसे अलगद उचलीत, ओठांतल्या ओठांत आरतीचे एक कडवे म्हणत आणि झाकण परत बसवीत. एका संध्याकाळी एकच फोटो. दुसरा मागणाराला सांगत, "एका झाडाला रोज एकच आंबा पिकतो. झाड हलवू नका."

झरीकडचे एक पाटील लग्नाचे वऱ्हाड घेऊन एकदा ऐन दुपारी त्यांच्या दारात उतरले. मास्तरांनी सर्वांना सावलीत बसविले, रांजणातले पाणी दिले, पिठलेभाकरी खाऊ घातली आणि स्वतः आत जाऊन निजले. नवरदेव बसल्या बसल्या घोरू लागला. शेवटी पाटील कडाडले, "ओ मास्तर! तुमी फोटू काढायलाव का आमाला जावई करून घ्यायलाव?" आतून उत्तर आले, "पाटील, उजेड कच्चा हाय. कच्चा खाल्ला तर दात आंबतील." वऱ्हाड तिन्हीसांजेपर्यंत थांबले. पाटील त्या फोटोत हसत आहेत. ते कधी हसले होते, याचा दुसरा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो.

राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि कचेऱ्यांतून उर्दू जाऊन मराठी आली. त्याचा आनंद मला कोणाहूनही कमी झाला नाही. परंतु ज्या घाईने आणि ज्या अज्ञानाने भाषांतरे झाली, त्याविषयी मी तेव्हाही लेखी निषेध नोंदविला होता. बागेच्या फाटकावर जुनी उर्दू पाटी होती: चिराग जले के बाद बाग में ठहरना मना है. चिराग जले म्हणजे संध्याकाळ, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळे. तिच्या जागी नवी मराठी पाटी लागली. "बागेत दिवे लागल्यानंतर थांबण्यास सक्त मनाई आहे. थांबणाराचे सामान जप्त करण्यात येईल." वरवर पाहता चूक काहीच नाही. म्हणूनच ती कोणाच्या लक्षात आली नाही.

त्याच सुमारास माझ्या आईच्या पोटात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले की हैदराबादला नेऊन शस्त्रक्रिया करा, उशीर करू नका. आई डगमगली नाही. तिने एकच गोष्ट मागितली.

"लेकरा, जायच्या आधी माजा एक फोटू काढ. माज्या आईचं तोंड मला आठवत न्हाई. लय आठवून बघितलं. नुस्ता पदर दिसतो. तुजं तसं व्हाया नगं."

मी तिला बागेत नेले. जाताना मात्र ती सारखी कुरकुरत होती. "तिन्हीसांजेला दारात दिवा लावायचा सोडून तू मला गंगंवर बशिवायलास. या वक्ताला मीठ सुदिक कुणाला देऊ न्हाई. आन् मी माजी सावली देऊ व्हय?" फोटो म्हणजे माणसाची सावली काढून घेणे, अशी तिची समजूत होती. वाद घालण्याची ती वेळ नव्हती. मास्तर तिला म्हणाले, "आई, तुम्ही नुसतं पाण्याकडे बघा. बाकीचं माझ्यावर सोडा." ती बाकावर बसली, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि एकदम गप्प झाली. मास्तरांनी फडक्याखाली डोके घातले.

एवढ्यात फाटक वाजले. बागेचा पहारेकरी, ज्यास आम्ही सारे जमादारचाचा म्हणत असू, काठी टेकीत आला.

"क्या मास्तर, बोर्ड नै पढ़े क्या? टैम हो गया."

"चाचा, थोडं थांबा," मी म्हणालो.

"मेरे कू रोज का वांदा नै मुन्शीजी. लेकिन नये साब बोले, कोई भी रहो, सामान उठाव. हुकूम है, मैं क्या करूँ?"

मी त्यास फाटकाजवळ घेऊन गेलो आणि जप्तीचा अधिकार कोणास असतो, हे समजावून सांगू लागलो. माझी पाठ बाकाकडे होती. चाचा सर्व ऐकून घेत होता, मान डोलवीत होता, आणि माझे बोलणे संपताच शांतपणे जाऊन त्याने घोडीसकट कॅमेरा उचलला. मास्तर त्याच्यामागे छत्री उगारून धावले. आई बाकावरून उठली आणि पेटी फाटकाबाहेर जाताना पाहत राहिली.

घरी आल्यावर ती अंथरुणावर पडली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी हैदराबादला येत न्हाई."

"आई, डॉक्टर म्हणाले उशीर नको."

"माजी सावली त्या खोक्यात, आन् खोकं म्युनशिपालटीत कोंडलेलं. निम्मं माणूस दवाखान्यात नेऊन काय करतो? सावली आण, मंग चल म्हण."

मी विनवण्या केल्या, संतापलो, विज्ञान सांगितले. ती हलली नाही. गाठ मात्र तिच्यासाठी थांबणार नव्हती. एका अडाणी समजुतीपायी आई हातची जाते आहे, हे कोणास सांगण्याचीही मला लाज वाटली. मास्तरांनाही मी सांगितले नाही. मी दिवा मोठा केला आणि अर्ज लिहावयास बसलो.

नगरपालिकेचे नवे मुख्याधिकारी पुण्याकडून आलेले होते. आमचे मराठी ऐकून त्यांच्या मिशीखाली जे हसू उमटे, त्याचा राग मी आजही विसरलेलो नाही. मास्तर रोज त्यांच्या दारात जाऊन बसत, ही गोष्ट मला शिपायाकडून कळली. सुनावणीच्या दिवशी मी मास्तरांना बजावले, "बोलणे माझे. पक्षकाराने मध्ये तोंड उघडायचे नाही. एक शब्द वावगा गेला की प्रकरण बिघडते."

"अहो मुन्शीजी, पण..."

"एक शब्दही नाही!"

टेबलाच्या मागे कॅमेऱ्याची पेटी ठेवलेली होती. मुख्याधिकाऱ्यांनी अर्ज चाळला. "यात आपण म्हणता की अर्जदाराने कोणताही नियम मोडलेला नाही. सूर्य मावळल्यावर ते बागेत होते, हे तरी आपणांस मान्य आहे ना?"

"मान्य आहे. परंतु पाटीवर सूर्याचा उल्लेख नाही. पाटी म्हणते, बागेत दिवे लागल्यानंतर."

"म्हणजे संध्याकाळीच. हा शब्दच्छल झाला."

"हा शब्दार्थ आहे, साहेब. आपल्या पाटीने बागेत दिवे लागणे ही अट घातली आहे. दंडाच्या नियमाचा अर्थ काटेकोर लावावा आणि शंका उरल्यास ती आरोपीच्या पदरात टाकावी, हे आपण जाणताच. आता आपल्याच माणसास विचारावे, बागेत दिवे केव्हा लागतात?"

साहेबांनी दारातल्या जमादारचाचाकडे पाहिले. चाचाने काठी सावरली.

"खंबा है साब. दिवा नै."

"दिवा नाही म्हणजे?"

"पोलिस ॲक्शन की गडबड में कंदील गया साब. तब से खाली खंबा है. मैं रोज देखता."

मग साहेबांनी पेटीकडे बोट केले. "ठीक आहे. परत करू. पण जप्त मालाची पावती करायची तर आत काय आहे ते पाहून लिहावे लागेल. उघडा ती."

पेटी उघडली की आतल्या काचेला उजेड लागणार आणि सारे पुसून जाणार, एवढे फोटोशास्त्र मलाही येत होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच मास्तर टेबलाला वळसा घालून गेले आणि चक्क पेटीवर बसले. छत्री उघडून त्यांनी ती आपल्या नि पेटीच्या वर धरली.

"काय हा प्रकार आहे?" साहेब गरजले.

"दुपार आहे साहेब," मास्तर म्हणाले. "दुपारी मी उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर आत..."

"आपण गप्प बसा!" मी ओरडलो, आणि मालाची ओळख पटलेली असता तो उघडण्याची आवश्यकता कशी नाही, याविषयी जे बोललो ते बोलताना माझा आवाज फुटला होता. साहेब माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना काय दिसले कोण जाणे. त्यांनी कागदावर 'एक पेटी, बंद' असे लिहून सही केली.

मी पेटी छातीशी धरून घरापर्यंत अक्षरशः पळालो. मास्तर छत्री सावरीत मागून येत होते. आईच्या अंथरुणाशी मी ती ठेवली. "ही घे तुझी सावली. आता मास्तर आत अंधारात नेऊन ती काढतील, आणि उद्याच्या गाडीने आपण निघू."

आई उठून बसली. तिने पेटीवरून हात फिरविला. "मास्तर, काढा की."

सांजमास्तर दारातच उभे होते. त्यांनी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिले.

"यातून काय काढू, आई? यात कुणीच नाही. झाकण उचललंच नव्हतं मी. उजेड पाडाला आला होता, पिकला नव्हता. तेवढ्यात चाचा आला."

"काय?" मी म्हणालो. "मग हे आपण आधी का सांगितले नाही?"

"आपण एक शब्द बोलू दिलात का, मुन्शीजी? दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आपल्या कायद्यानं माझा गळा धरला."

"मग पेटीवर बसलात कशाला?"

"काच कोरी होती, म्हणून काय दुपारच्या तोंडी द्यायची?"

तेवढ्यात आई हसू लागली. पोट धरून, कळ सोसत, डोळ्यांना पदर लावून ती हसत होती. "म्हंजी सावली माज्यापाशीच व्हती! आन् ह्ये लेकरू तिला सोडवाया म्युनशिपालटीत भांडायलंय!" हसू ओसरल्यावर तिने मास्तरांना विचारले, "मंग माजा फोटू?"

"राहिला," मास्तर म्हणाले. "आल्यावर काढू. गंगेला पाणी आहे तोवर उजेड कुठं जातो?"

आईने थोडा विचार केला. "असं म्हंता. म्हंजी मला माघारी यावंच लागतंय की."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी टांग्यात जाऊन बसली होती.

हैदराबादेतील दिवसांविषयी मी लिहीत नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी मनातल्या मनात ईश्वरास उद्देशून जे अर्ज केले, त्यांत एकही कलम उद्धृत केले नव्हते, इतकेच सांगतो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "अम्मा को भूक लगी है."

गावी परतलो तेव्हा मास्तर स्टेशनवर आले होते. आईची त्यांनी आस्थेने विचारपूस केली. माझ्याशी बोलले नाहीत. बागेपाशी टांगा आल्यावर त्यांनी छत्रीचे टोक उचलून दाखविले. दगडी खांबावर नवा कोरा कंदील बसविलेला होता.

"बघा आपला पराक्रम," ते म्हणाले. "पाटी खोटी ठरू नये म्हणून साहेबांनी दिवा बसवला. इतकी वर्षं खांब मुका होता, कुणाचं अडत नव्हतं. ऐन उजेड पिकायच्या वेळेला आता हा जळतो. मुन्शीजी, आपल्या कायद्यानं माझी संध्याकाळ खाल्ली." हे वाक्य पुढे मरेपर्यंत, मी जेथे भेटेन तेथे, नमस्काराऐवजी ते मला ऐकवीत. त्यावर माझे उत्तर कायम एकच असे: निकाल बरोबर होता.

आईच्या अंगात थोडी ताकद आल्यावर आम्ही पुन्हा बागेत गेलो. ती त्याच बाकावर बसली. खांबाला शिडी लावून जमादारचाचा वरच्या पायरीवर उभा होता, हातात काड्यांची पेटी. मास्तरांनी तळहात पुढे केला. गंगेवरून वारा येत होता, पलीकडच्या काठावर गुरे परतत होती.

"लगाऊँ क्या, मास्तर?" वरून चाचाने विचारले.

"ठैरो. पाडाला आलाय."

चाचा थांबला. नियम तर स्पष्टच होता. दिवा लागल्यावर थांबता येत नाही, परंतु दिवा केव्हा लावायचा याविषयी पाटीवर अक्षर नव्हते. मास्तरांच्या हाताखालची सावली मातीत मिसळत गेली. त्यांनी झाकण उचलले. त्यांचे ओठ हलत होते. आईचेही हलत असावेत असे वाटले, पण बाकी ती जराही हलली नाही. झाकण परत बसले.

"आता लगाव," मास्तर म्हणाले.

काडी ओढल्याचा आवाज आला, कंदील पेटला, आणि आम्ही सर्वजण कायद्याचा मान राखून बागेबाहेर पडलो. त्यानंतर जमादारचाचा नोकरीत होता तोवर आमच्या गावात दिवेलागण नगरपालिकेच्या हुकमाने झाली नाही. ती मास्तरांच्या तळहातावर झाली.

फोटो हाती आला तेव्हा आईने तो उंबऱ्यात बसून पाहिला. तीच होती. डोळ्यांत पाण्याचा उजेड, कपाळावरच्या आठ्या जिथल्या तिथे, मागे शिडीवरच्या चाचाचा पुसट डाग. ती पुष्कळ वर्षे जगली आणि मी तिचे तोंड विसरण्याचा प्रश्न उरला नाही. परंतु त्या दिवशी तिने स्वतःच्या चेहऱ्याकडे फारसे लक्षच दिले नाही. बाकाच्या पायांशी, मातीवर बोट ठेवून ती काहीतरी शोधत होती. मग तिने सुटकेचा श्वास टाकला.

"बघ लेकरा, ह्याच्यात माजी सावली न्हाईच," ती म्हणाली. "मास्तर लय इमानदार माणूस. फोटू काढला आन् सावली माजी मला ठिवली."